अकोले तालुक्याच्या डांगाणात जाण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डांगाण म्हणजे नेमका कोणता भाग?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. प्रवरा, मुळा आणि आढळा या तीन नद्यांच्या खोऱ्यांत तो विभागलेला असून, त्यातला सह्याद्रीच्या माथ्याला खेटून असलेला, राजूरच्या पश्चिमेचा डोंगराळ पट्टा डांगाण म्हणून ओळखला जातो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदरा धरण, सांदण दरी आणि घाटघर ही पर्यटकांच्या तोंडी असलेली सर्व नावे याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर येतात. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजांची आहे. भात, नागली आणि वरई ही त्यांची मुख्य पिके, आणि बैलजोडी डांगी जातीची. तिकीट काढताना एवढे ध्यानात ठेवावे की विदर्भातील अकोला हे शहर वेगळे आहे आणि ते येथून कित्येक तासांच्या अंतरावर आहे.

किती दिवस काढावेत? शनिवार-रविवार पुरेल का?

एका दिवसात धरण आणि एखादा धबधबा पाहून परतणारे लोक पुष्कळ आहेत, आणि ज्यांना तेवढेच शक्य आहे त्यांनी तेवढेच करावे. मात्र आमचे स्पष्ट मत असे आहे की या भागात किमान दोन रात्री गावातल्या घरी मुक्काम केल्याशिवाय त्याची खरी ओळख होत नाही. एक दिवस एखाद्या गडासाठी, एक दिवस जलाशयाभोवतीच्या गावांसाठी आणि उरलेला वेळ कोणतीही आखणी न करता चुलीपुढे, ओटीवर किंवा शेताच्या बांधावर घालवावा. हाताशी चार दिवस असतील तर एक बाजू प्रवरेच्या खोऱ्याची (भंडारदरा, रतनवाडी) आणि दुसरी बाजू मुळेच्या खोऱ्याची (पाचनई, हरिश्चंद्रगड) अशी विभागणी करता येते. दोन्ही खोरी एकाच दिवसात उरकण्याचा आग्रह धरू नये, कारण नकाशावर जवळ दिसणारी गावे घाटरस्त्याने बरीच लांब पडतात.

कोणत्या ऋतूत यावे?

याचे उत्तर आपण काय पाहायला येत आहात यावर अवलंबून आहे, कारण डांगाणाचे रूप वर्षातून किमान चार वेळा पूर्ण बदलते.

जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. घाटघर आणि रतनवाडी या परिसरात इतका पाऊस पडतो की त्याची गणना राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते. उलट त्याच तालुक्यातल्या अकोले शहरात त्याचा एक लहानसा हिस्साच पोहोचतो, कारण ढग माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडची गावे पर्जन्यछायेत राहतात. या दिवसांत धबधबे भरात असतात, पण गडाच्या वाटा निसरड्या, कडे धुक्यात आणि ओढे केव्हाही फुगणारे असतात. जुलैत भाताची आवणी चालू असते. त्या दिवसांत घरातील प्रत्येक माणूस पहाटेपासून चिखलात उभा असतो, म्हणून पाहुण्यांनी जेवणाच्या वेळांबाबत थोडी सबुरी बाळगावी.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ आम्ही सर्वांत वरचा मानतो. पठारांवर सोनकीची पिवळी फुले येतात, पाऊस ओसरलेला असतो, हवा स्वच्छ होते आणि भात पोटरीत आलेला असतो. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी उतार जांभळे होतात. कारवी साधारण सात वर्षांतून एकदा बहरते, त्यामुळे ती दिसलीच तर आपले भाग्य समजावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गड चढण्यासाठी आणि सांदणसाठी योग्य असतो, रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते. मार्च ते मे हा उन्हाचा आणि पाणीटंचाईचा काळ आहे. त्याच्या शेवटी करवंदे, जांभळे आणि काजवे हे तीन आकर्षण मात्र खासच.

कसे पोहोचावे?

मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तेथून बारीमार्गे भंडारदरा हा नेहमीचा मार्ग आहे. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पडते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळण्याचीही सोय झाली आहे. नाशिकहून घोटीमार्गे सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहेत. पुण्याहून आळेफाट्याहून संगमनेर, अकोले, राजूर असे येता येते. हरिश्चंद्रगडाकडेच जायचे असेल तर ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ हा रस्ता सोयीचा आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरी किंवा घोटीला उतरावे आणि पुढे एसटी किंवा जीप पकडावी. अकोले हे एसटीचे आगार असून तेथून राजूर, शेंडी (भंडारदरा) या बाजूला गाड्या सुटतात. आतल्या गावांना मात्र दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे.

कळसूबाई शिखर मला झेपेल का?

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. पायथ्याच्या बारी गावातून चढणारी वाट सर्वांत रुळलेली आहे. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे दोराची गरज पडत नाही. नियमित चालण्याची सवय असलेल्या माणसाला वर जायला साधारण तीन ते चार तास लागतात. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी उतरण्याचा विचार आधी करावा, कारण चढण्यापेक्षा उतरताना सांध्यांवर ताण अधिक येतो.

शिखरावर कळसूबाईचे छोटेखानी देऊळ आहे. कळसू ही याच परिसरातली एक मुलगी होती, ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तेथेच देवी झाली, अशी कथा पायथ्याच्या गावांत सांगितली जाते. नवरात्रात येथे जत्रा भरते आणि डोक्यावर पूजेचे साहित्य घेऊन अनवाणी चढणाऱ्या स्त्रिया त्या वाटेवर दिसतात. ज्याला आपण ट्रेक म्हणतो ती त्यांच्यासाठी देवीची वारी आहे, याची जाण ठेवून शिखरावरचे वर्तन असावे. देवळापुढे मोठ्या आवाजात गाणी लावणे, चपला घालून उंबऱ्यावर बसणे हे गावकऱ्यांना मनापासून खटकते, जरी ते पाहुण्याला तोंडावर बोलून दाखवत नसले तरी.

शनिवारी मध्यरात्री चढून सूर्योदय पाहण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर अक्षरशः रांग लागते आणि अंधारात, ओल्या लोखंडावर, मागून रेटा असताना उभे राहणे धोक्याचे आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे निघाल्यास तोच डोंगर निवांत मिळतो.

हरिश्चंद्रगडावर कोणत्या वाटेने जावे?

प्रथमच जाणाऱ्यांनी पाचनईची वाट धरावी. ती सर्वांत सोपी असून दोन ते तीन तासांत माथ्यावर पोहोचवते, आणि तिच्या एका टप्प्यात डोक्यावर झुकलेल्या प्रचंड कातळाखालून चालावे लागते. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट अधिक लांब आहे आणि तिच्यात कातळटप्पा आहे. ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याहून येणारी नळीची वाट ही केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी आहे. तिला सरळसरळ चढाई समजूनच तयारी करावी, आणि पावसात तिचा विचारही करू नये.

गडावर पाहण्यासारखे नेमके काय आहे?

बहुतेक जण कोकणकड्यासाठी येतात, आणि देवळाचा परिसर घाईघाईत उरकतात. आम्ही उलट क्रम सुचवू. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर एका खोलगट जागी, मंगळगंगेच्या उगमाजवळ उभे आहे. त्याचे शिखर दुरूनच लक्ष वेधते, पण खरा वेळ द्यावा तो आवारातल्या कोरीव गुहांना, पाण्याच्या टाक्यांना आणि शिलालेखांना. योगी चांगदेवांचे वास्तव्य या गडावर होते आणि त्यांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये लिहिला. किल्ला म्हणून गडाला महत्त्व आले त्याच्या कितीतरी आधीपासून तो शैवांचे आणि योग्यांचे स्थान होता. मराठ्यांनी तो मोगलांकडून १७४७-४८ मध्ये घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

मंदिराच्या खालच्या अंगाला केदारेश्वराची गुहा आहे. गुहेच्या मध्यभागी मोठे शिवलिंग, त्याच्याभोवती कमरेइतके थंडगार पाणी, आणि लिंगाच्या चार कोपऱ्यांना एकाच कातळातून कोरलेले चार खांब, ज्यांपैकी आज केवळ एकच शाबूत उभा आहे. तो खांब तुटला की जग बुडेल, अशी समजूत सांगितली जाते. आधारासाठी खांबाला धरू नये, पाण्यात साबण किंवा हार-फुलांच्या पिशव्या टाकू नयेत. मंदिराशेजारच्या पुष्करणीच्या काठाला कोरलेल्या देवकोष्ठांची रांगही नजरेतून सुटू देऊ नये.

तारामती हे गडावरचे सर्वोच्च शिखर असून ते १४२९ मीटर उंच आहे. तेथून कोकण, माळशेज आणि नाणेघाटाकडचा मुलूख एका नजरेत येतो.

कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसते म्हणतात, ते केव्हा?

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. सूर्य आपल्या पाठीशी आणि समोरच्या दरीत धुके किंवा ढग, अशी स्थिती जुळून आली तर आपलीच सावली समोरच्या धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ उमटते. त्यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये येथे ते पाहिल्याची नोंद आहे. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य पाठीशी येतो तो सकाळी, म्हणून संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जमलेल्या गर्दीला ते कधीच दिसत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस, रात्री गडावर किंवा पाचनईत मुक्काम करून सकाळी कड्यावर गेल्यास शक्यता वाढते. तरीही ती शक्यताच आहे.

कड्याच्या काठावर वारा खालून वर येतो आणि काठाचा खडक अंतर्वक्र असल्याने पायाखाली नेमके काय आहे हे दिसत नाही. दरीत डोकावायचे असेल तर पालथे झोपून, सोबत्याने पाय धरलेले असतानाच डोकवावे. संरक्षक कठडा असेल तेथे तो ओलांडू नये.

रतनगड आणि अमृतेश्वर एकाच दिवसात होतात का?

होतात, आणि ते एकत्रच करावेत. रतनवाडी हे जलाशयाच्या वरच्या टोकाला असलेले गाव. तेथील अमृतेश्वराचे मंदिर काळ्या पाषाणातले असून त्याचे शिखर भूमिज शैलीतले आहे. शिखराच्या मुख्य पट्ट्यांच्या मधोमध लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचत नेलेल्या दिसतात. मंडपाचे खांब आणि छत पाहण्यासाठी विजेरी सोबत ठेवावी, कारण आतला उजेड अगदीच अपुरा असतो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड पाण्याखाली जाते. मंदिराजवळच्या पुष्करणीत चहूबाजूंनी कोनाडे असून त्यांत मूर्ती आहेत. ती अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून मुद्दाम विचारून जावे.

रतनगडाची वाट गावातून सुरू होऊन दाट जंगलातून जाते, शेवटी शिड्या लागतात आणि मग गणेश दरवाजा व हनुमान दरवाजा. वर रत्नादेवीची गुहा आहे, तिच्याजवळ प्रवरेचा उगम मानला जातो. गडमाथ्यावरील नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, हे या गडाचे वैशिष्ट्य. त्यात बसल्यावर एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाईची रांग दिसते. त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरता येते, पण ती वाट माहितगाराशिवाय धरू नये.

सांदण दरीत पावसाळ्यात जाता येईल का?

नाही. साम्रद गावाजवळची ही दरी म्हणजे दोन उभ्या कातळभिंतींमधली अरुंद भेग आहे. काही जागी ती इतकी चिंचोळी होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचे सगळे पाणी याच भेगेतून कोकणात कोसळते आणि एकदा लोंढा आला की वर चढायला जागा नसते. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतचा काळ योग्य, तोही वळवाचा पाऊस नसताना.

सुरुवातीच्या टप्प्यात पाण्याचे डोह लागतात आणि ते थंडीत छातीपर्यंतही असू शकतात. कुटुंबासह आलेल्यांनी पहिल्या अवघड टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरावे. पुढे दोर लावून उतरावे लागते आणि तेथून खाली ठाणे जिल्ह्यातल्या डेहणे गावाकडे बाहेर पडता येते. परत साम्रदला यायचे असेल तर करोली घाटाची चढण आहे. दोर, हार्नेस आणि हेल्मेट आणणारे आयोजक निवडताना ते साहित्य किती जुने आहे आणि दोर लावणारा माणूस प्रशिक्षित आहे का, हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. जो या प्रश्नांनी नाराज होतो त्याच्यासोबत जाऊ नये.

अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले नवशिक्यांनी करावेत का?

कुलंगाला भरपूर दमसास हवा, पण प्रस्तरारोहण लागत नाही. अलंग आणि मदन यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या असल्याने तेथे दोराशिवाय चढणे शक्य नाही. ज्यांनी आधी असे दोन-तीन तांत्रिक किल्ले अनुभवी गटासोबत केले आहेत त्यांनीच जावे.

गड चढणे शक्य नाही, सोबत लहान मुले आणि ज्येष्ठ आहेत. मग काय पाहावे?

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असे करत पुन्हा शेंडीला येता येते. घाटघरला गाडीतून उतरल्यावर थोड्याच अंतरावर कोकणात तुटलेला कडा आहे. तेथेच डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, ज्यात वीज मुबलक असताना खालच्या धरणातले पाणी वर उपसून ठेवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात.

प्रवरेवरचा रंधा धबधबा रस्त्याला लागूनच आहे. अकोले शहरात अगस्ती ऋषींचे स्थान आणि सिद्धेश्वराचे कोरीव मंदिर पाहावे. वाट थोडी वाकडी करण्याची तयारी असेल तर आढळा नदीकाठच्या टाहाकारी गावातले जगदंबेचे प्राचीन मंदिर अवश्य पाहावे. शिल्पकलेच्या दृष्टीने ते या तालुक्याचे वैभव आहे आणि तरीही तेथे बहुतेक दिवशी शांतता असते. शिवकालात रस असणाऱ्यांसाठी पट्टा किल्ला आहे. जालना लुटून परतताना १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे विश्रांती घेतली आणि गडाला विश्रामगड हे नाव मिळाले. वरपर्यंत जाणारी वाट तुलनेने सोपी आहे.

भंडारदरा धरणाचा इतिहास काय आहे?

प्रवरेवरचे हे दगडी धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यांच्याच नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. मोरीतून पाणी सोडले की खालच्या गोलाकार खडकावरून ते छत्रीसारखे पसरते, तोच प्रसिद्ध अंब्रेला धबधबा.

या पाण्यावर प्रवरेच्या खालच्या अंगाचे बागायती शेत आणि ऊस उभा राहिला. ज्या खोऱ्यात ते साठते तेथील लोकांच्या जमिनी मात्र त्यात गेल्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांवरच्या बायाबापड्यांना आजही पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाहुण्याने उन्हाळ्यात मुक्काम करताना अंघोळीला बादलीभर पाणी पुरेसे मानावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

राघोजी भांगरे यांचे नाव येथे सतत ऐकू येते. ते कोण?

राघोजी भांगरे हे याच तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी क्रांतिकारक. सावकारी पिळवणूक आणि इंग्रजांचा महसुली जाच यांच्याविरुद्ध त्यांनी बंड पुकारले. या डोंगरांतल्या वाटा, गुहा आणि गावे हाच त्यांचा आसरा होता. इंग्रजांनी त्यांना पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. गडांचा इतिहास वाचून येणाऱ्या प्रत्येकाने या इतिहासाचीही माहिती करून घ्यावी, कारण येथील माणसांच्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे.

काजवे केव्हा आणि कोठे दिसतात?

साधारण मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर लाखो काजवे बसतात आणि एका तालात उघडझाप करतात, तेव्हा संपूर्ण झाडच लुकलुकते. घाटघर, उडदावणे, पांजरे, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल या गावांच्या परिसरात ते दिसतात.

हा प्रकाश म्हणजे नर-मादींची एकमेकांना घातलेली साद आहे. मिलनाचे हे मोजके दिवस वाया गेले तर पुढच्या वर्षीची पिढीच घटते. गाडीचे दिवे, भ्रमणध्वनीच्या विजेऱ्या आणि छायाचित्रासाठीचा लखलखाट यांनी त्यांचा हा संवाद तुटतो. म्हणून गाडी गावात उभी करून चालत जावे, विजेरीला लाल कागद लावून ती फक्त पायाखाली धरावी, झाडाच्या बुंध्याशी जाऊ नये, कारण मादी अनेकदा खाली गवतातच असते. काजवे बाटलीत भरणाऱ्या मुलांना तेथल्या तेथे समजावून सांगावे. गर्दी टाळायची असेल तर शनिवार-रविवार सोडून यावे.

जेवायला काय मिळते?

येथील खरे जेवण हॉटेलच्या फलकावर नसते, ते घरी मिळते. पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी शहरातही मिळते, ती येथे मागू नये.

नागलीची भाकरी हा ताटाचा पाया. पाण्याला आधण आले की त्यात पीठ टाकून उकड काढतात, ती गरम असतानाच परातीत मळतात आणि पाण्याच्या हाताने थापून तव्यावर टाकतात. उकड नीट साधली नाही तर भाकरी कडेला चिरते. चुलीच्या निखाऱ्यावर फुगलेली ही तांबूस-काळसर भाकरी खुरासणीच्या चटणीबरोबर खावी. सोबत उडदाचे घुटे असते. त्यासाठी उडीद भाजून भरडतात, शिजवून रवीने घोटतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर यांचे वाटण घालतात. दिवसभर डोंगर चढून आलेल्या माणसाला भाकरी चुरून खाल्लेल्या गरम घुट्याइतके दुसरे काही बरे वाटत नाही, असे आम्ही अनुभवाने सांगतो. याखेरीज हुलग्याचे शेंगोळे, पिठले, ठेचा, वरईचा भात हे नेहमीचे पदार्थ आहेत.

भाताच्या स्थानिक वाणांची चव आवर्जून घ्यावी. काळभात हा काळसर तुसाचा, सुवासिक वाण. तो शिजत असताना वास ओटीपर्यंत येतो. जिरवेल हाही असाच बारीक दाण्याचा जुना वाण. हे वाण उतारा कमी देत असल्याने मध्यंतरी मागे पडले होते. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणांची बँक उभी केली, बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० साठीच्या पद्मश्रीने त्यांच्या कामाचा गौरव झाला. त्यांच्यासारख्या शेतकरी स्त्रियांमुळेच असे अनेक वाण आज शेतात टिकून आहेत.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आलात तर रानभाज्या मागाव्यात. कुर्डू, बडदा, चाईचा मोहर, भोकर अशी त्यांची नावे आहेत आणि प्रत्येकीची शिजवण्याची रीत वेगळी. काही भाज्या उकळून पाणी टाकल्याशिवाय खाता येत नाहीत, म्हणून स्वतः तोडून शिजवण्याचा प्रयोग करू नये. मांसाहारी पाहुण्यांना याच दिवसांत ओढ्यातले खेकडे आणि मासे मिळतात, एरवी गावठी कोंबडीचा रस्सा. कोंबडी सांगायची असेल तर आदल्या दिवशी सांगावी.

राहण्याची सोय कशी आहे?

शेंडी परिसरात हॉटेले आणि शासकीय पर्यटक निवास आहेत, जलाशयाकाठी तंबूंची सोय पुष्कळ आहे. आमची शिफारस मात्र गावातल्या घरांची. रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी, घाटघर अशा गावांत अनेक कुटुंबे पाहुण्यांना ठेवून घेतात. खोली साधी असते, अंथरूण जमिनीवर असते, शौचालय बहुधा घराबाहेर असते. पैसे मात्र थेट त्या घरात जातात. बाहेरच्या दलालामार्फत ठरवले तर तंबूचे भाडे बाहेर जाते आणि गावाला फक्त मजुरी आणि कचरा उरतो. दर आधी विचारून घ्यावा आणि ठरल्यावर त्यात घासाघीस करू नये.

परत नेण्यासाठी काय घ्यावे?

राजूरचे पेढे प्रसिद्धच आहेत. त्याखेरीज काळभात, नागलीचे पीठ, खुरासणी, हिरडा, आणि मोसमात करवंदे थेट शेतकऱ्याकडून घ्यावीत. डिसेंबरच्या सुमारास आलात तर राजूरला भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन पाहावे. मुसळधार पावसात दिवसभर चिखलात काम करू शकणारी, तेलकट कातडीची आणि कठीण काळ्या खुरांची ही पांढरी-काळी जनावरे म्हणजे या हवामानाने घडवलेला वाण आहे.

अभयारण्याचे नियम कोणते?

१९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात हा बहुतेक भाग येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावे लागते आणि पावती जवळ ठेवावी. मद्यपान, आग पेटवणे, ध्वनिक्षेपक लावणे आणि प्लास्टिक टाकणे यांना मनाई आहे. गडावर मुक्काम, पावसाळी बंदी आणि रात्रीच्या चढाईबाबतचे आदेश ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याकडे किंवा मुक्कामाच्या घरी विचारूनच बेत पक्का करावा. शेकरू आणि इतर वन्यजीव पाहायचे असतील तर सकाळी लवकर, कमी माणसांनी आणि न बोलता चालावे.

गावकऱ्यांची छायाचित्रे काढावीत का?

विचारून काढावीत. लहान मुलांची त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि मुलांना गोळ्या-बिस्किटे किंवा पैसे वाटू नयेत. मदत करायचीच असेल तर गावच्या शाळेत जाऊन शिक्षकांना गरज विचारावी. बोहाड्यासारखे मुखवट्यांचे उत्सव हे धार्मिक विधी आहेत. पाहायला मिळाले तर बाजूला उभे राहून पाहावेत, सोंग अंगावर आलेल्या माणसाला थांबवून छायाचित्र मागू नये. वयाने मोठ्या माणसांना बाबा, मावशी, आजी असे संबोधले तर बोलणे सहज सुरू होते.

दूरध्वनी, पैसे आणि दवाखाना यांची व्यवस्था कशी आहे?

घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि पाचनईकडे भ्रमणध्वनीला संपर्क तुटक मिळतो, काही ठिकाणी मिळतच नाही. ऑनलाइन पैसे त्यामुळे अडतात, पुरेशी रोख रक्कम राजूर किंवा अकोल्यातूनच काढून घ्यावी. पेट्रोलही तेथेच भरावे. प्राथमिक उपचार शेंडी आणि राजूर येथे होतात, मोठ्या उपचारांसाठी संगमनेर किंवा नाशिक गाठावे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आपत्तीत ११२ हे क्रमांक आहेत. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे यात वेळ न दवडता माणसाला शांत ठेवून थेट रुग्णालयात न्यावे.

स्थानिक वाटाड्या घ्यावाच का? वाटा तर नकाशावर दिसतात.

कळसूबाईच्या मुख्य वाटेला आणि पाचनईच्या वाटेला कोरड्या दिवसांत वाटाड्याविना जाता येते. इतर सर्वत्र घ्यावा. ढग उतरला की पठारावर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, ढोरवाटा आणि पायवाटा सारख्याच दिसतात आणि भ्रमणध्वनीवरचा नकाशा कड्याची धार दाखवत नाही. वाटाड्याला कोणत्या झऱ्याला अजून पाणी आहे, कोणत्या झाडावर आग्या मोहोळ आहे आणि कोणता ओढा दुपारनंतर ओलांडता येणार नाही, हे ठाऊक असते. मानधन निघण्यापूर्वी ठरवावे, त्याच्या जेवणाची सोय आपल्याबरोबरच करावी, आणि त्याने मागे फिरायला सांगितले तर गडमाथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे फिरावे.